डावातून व्यायाम : अमरावतीच्या हनुमान आखाड्याची वाटचाल

वऱ्हाडातला मे महिना सकाळी आठलाच चटके देऊ लागतो. त्यामुळे अमरावतीत व्यायामाची खरी वेळ पहाटेची. झुंजुमुंजु असतानाच पोट्टे सायकली दामटत हनुमान आखाड्याकडे निघतात. कागदोपत्री संस्थेचे नाव श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. गावाच्या तोंडी 'हनुमान आखाडा', नव्या पिढीच्या तोंडी 'एचव्हीपीएम'. त्या लांबलचक नावातला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो शब्द म्हणजे 'प्रसारक'. व्यायाम करणाऱ्यांच्या तालमी महाराष्ट्रात गावोगाव होत्या. जो व्यायाम करत नाही त्याला मैदानावर आणायचे, असा विडा उचलणाऱ्या संस्था मोजक्याच. आणि आणायचे तर कशाच्या जोरावर? अमरावतीने याचे उत्तर एका शब्दात दिले : खेळाच्या.

हाच प्रश्न आज निराळ्या भाषेत विचारला जातो. पोरे मोबाइल सोडत नाहीत, मग मोबाइलच्या खेळातूनच त्यांना हलवता येईल का? व्हिडिओ गेम खेळता खेळता घाम निघेल का? जपान-अमेरिकेत यावर पैसा आणि अक्कल दोन्ही ओतली गेली आहे. त्या प्रयोगांकडे पाहताना मला सारखा अमरावतीचा आखाडा आठवतो, म्हणून त्याची वाटचाल आज नव्याने सांगावीशी वाटते.

१९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या दोघा भावांनी अमरावतीत हा आखाडा सुरू केला. काळ असा की शाळेत कवायत होती आणि गावात तालीम. कवायत म्हणजे शिट्टीवर हात वर, शिट्टीवर हात खाली. पोरे ती हुकूम म्हणून करत. तालमीत जोर-बैठका आणि कुस्ती. तिथे ज्याच्या अंगात मुळातच रग तोच टिके. या दोहोंच्या मध्ये उरलेला साधा, किडकिडीत, लाजाळू मुलगा कुठे जाणार? त्याला बोलवायचे तर हाक वेगळी हवी. 'व्यायाम कर' म्हटले की तो पळतो, 'येतं का खेलाले?' म्हटले की धावत येतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही आईला हे ठाऊक आहे.

योग असा की देशी खेळांचे नियम बांधण्याचे कामही महाराष्ट्रात त्याच सुमारास सुरू झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले ते १९१४ च्याच आसपास. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने पुढच्या काही वर्षांत हुतूतूला नियमांत बसवले आणि १९२३ मध्ये तिथे या खेळाच्या अखिल भारतीय स्पर्धा झाल्या. गल्लीतला डाव असा मैदानावर येत असताना अमरावतीने तो अभ्यासक्रमात घेतला. आखाड्याचे उन्हाळी वर्ग ही त्यातली मोठी युक्ती. शाळांना सुट्टी, शिक्षक मोकळे. ते महिना-दीड महिना राहून शिकायचे आणि आपापल्या गावी परतून शिकवायचे. एक शिक्षक तयार झाला की त्याच्या मागे एक शाळा उभी राहते. 'प्रसारक' हा शब्द मंडळाने असा खरा केला. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही याच आखाड्यात व्यायामाचे शिक्षण घेतले होते, याचा अमरावतीकरांना आजही अभिमान आहे. पुढे कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीत तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन मंडळाचे आधारस्तंभ होते. शरीर बळकट करणे आणि पिचलेल्या शरीराला आधार देणे, ही दोन्ही कामे या गावात एकाच घरची मानली गेली.

आता जरा जुन्या खेळांची घडण जवळून पाहू. कबड्डीचे पूर्वी तीन प्रकार खेळले जात : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी समोरचा गडी मारला की तो पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. गामिनीत बाद तो बाद. सगळा संघ संपून लोण चढेपर्यंत त्याने बाहेर बसायचे. अमरमध्ये गडी बाद होऊनही खेळत राहतो, फक्त समोरच्याला गुण मिळतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या नातवाला हे सांगून पाहा. एक 'लाइफ' गेली, परत मिळाली, सगळ्या संपल्या की डाव खलास, हा हिशेब त्याला लगेच कळेल. मरणे, जगणे, पुन्हा संधी मिळणे ही खेळाची ओढ आपल्या मातीला यंत्राच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. शिवाय संजीवनी हे नावच किती सुंदर. हरलेल्या पोराला खेळात परत घ्यायची सोय खेळाच्या नियमातच केलेली.

लेझीमचेही तेच. हातात साखळी आणि चकत्यांची लेझीम, समोर ढोल. चार आवाज, आदिपवित्रा, दोन रुख, पुढे झुक, मोरचाल. एकेक प्रकार अंगात बसला की पुढचा. पाय चुकला तर आवाज चुकतो आणि आवाज चुकला की आपला आपल्यालाच कळतो. कुणी रागवावे लागत नाही. वीस मिनिटे लेझीम खेळलेल्या माणसाचे पोटरी-मांड्यांचे काम किती झाले, हे त्याला दुसऱ्या दिवशी उठताना समजते. खेळताना त्याचे सगळे ध्यान तालाकडे असते.

मल्लखांब मात्र भीतीशी खेळायला शिकवतो. माणसाहून उंच, गुळगुळीत लाकडी खांब. वरती बोंड, त्याखाली बारीक मान, खाली जाडसर अंग. खांबाला एरंडेल तेल लावतात, म्हणजे कातडी सोलत नाही आणि सरकणे नेमके होते. नवा मुलगा आधी नुसता खांबाला बिलगतो. मग गुरुजी त्याला साधी अढी शिकवतात : हातांची पकड घट्ट, कंबर वर, डोके खाली आणि पायांची कात्री खांबाला. जग उलटे होते. पहिल्या वेळी मुलाचे डोळे मिटलेले असतात, गुरुजींचा एक तळवा त्याच्या पाठीशी. चौथ्या-पाचव्या दिवशी तो तळवा पाठीपासून बोटभर दूर जातो. मुलाला ते कळत नाही. आणि एक दिवस तो तळवा नसतोच. खाली उतरल्यावर मुलगा आधी गुरुजींकडे बघतो, मग रांगेत बसलेल्या दोस्तांकडे. मला विचाराल तर शारीरिक शिक्षणाचे सगळे शास्त्र त्या बोटभर अंतरात आहे. पुढे बगली, दसरंग, उड्या, फरारे अशी चढती वाट असते. एक पायरी जमली की मुलगा स्वतःच विचारतो, 'आता पुढचं काय?' जे मूल हा प्रश्न विचारते, त्याला व्यायामाचा आग्रह करावा लागत नाही.

१९३६ साल या वाटचालीतला सोन्याचा टप्पा. ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले. १५ तारखेला ध्यानचंद यांच्या संघाने यजमान जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक घेतले, ते साऱ्या देशाला पाठ आहे. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या या मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळ-व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली, हे मात्र वऱ्हाडाबाहेर फार थोड्यांना माहीत असते. कापसाच्या मुलखातली ही पोरे बोटीने समुद्र ओलांडून गेली. युरोपात तेव्हा शिस्तबद्ध जिम्नॅस्टिक्सचा बोलबाला होता. तिथल्या प्रेक्षकांपुढे एका खांबाच्या आणि एका रेघेच्या जोरावर काय करता येते, हे या पोरांनी दाखवले. आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली १९९० मध्ये, बीजिंगला. म्हणजे अमरावतीकरांनी जगाला कबड्डी दाखवली त्यानंतर ५४ वर्षांनी. पुढे प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत झाली आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक होऊन भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल विस्ताराची. १९६७ मध्ये मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू झाले आणि आखाड्याच्या मातीला विद्यापीठाची पदवी मिळाली. प्रभाकरराव वैद्य यांच्या कार्यकाळात संस्थेचा पसारा वाढला. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मला ही जोड फार आशेची वाटते. एकीकडे मल्लखांब, दुसरीकडे संगणक, आणि दोन्हींचे विद्यार्थी एकाच संस्थेचे.

कारण आता मैदानाची गाठ पडद्याशी आहे. ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या आकड्यांवरून मांडले. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी घाम निघेल इतके खेळावे, असे ही संघटना सांगते. पडद्याच्या कारखानदारांनीही हे ओळखले आहे. १९८६ मध्येच जपानच्या बांदाई कंपनीने पायाने खेळायची चटई काढली होती. १९९८ मध्ये कोनामीचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आला : गाणे वाजते, पडद्यावर बाण येतात, त्या तालावर पाय टाकायचे. लेझीमच ती, ढोल तेवढा पडद्यात. २००६ मध्ये निन्टेन्डोच्या 'वी' यंत्रावर टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग घरातल्या घरात आले. अशा खेळांच्या अभ्यासांत वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे नुसते हात हलवण्यापेक्षा पाय हलवायला लावणाऱ्या खेळात शरीर जास्त राबते.

२०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला. मोबाइल हातात घेऊन रस्त्यावर हिंडायचे आणि काल्पनिक प्राणी पकडायचे. लोक खरोखर चालू लागले. किती? अमेरिकेतल्या तरुणांवर झालेला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात माणसे रोज सरासरी ९५५ पावले जास्त चालली. मग आकडा उतरत गेला आणि सहाव्या आठवड्यात ती पूर्वीइतकीच चालू लागली.

सहा आठवडे. हा आकडा मी वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ विचार करत बसलो. खेळ माणसाला उठवतो यात शंका नाही. यंत्राने ते सिद्ध केले आहे आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. घरात अडकलेल्या म्हाताऱ्याला, अपघातातून उठणाऱ्या रुग्णाला, मैदानच नसलेल्या शहरातल्या मुलाला हे खेळ उपयोगी आहेत. पण सातव्या आठवड्यात मुलाला कोण थांबवून धरते? अमरावतीत ते काम सोबती करतो, जो सायकल घेऊन दारात उभा राहतो. तुम्ही नाही गेलात तर खो-खोच्या संघात एक गडी कमी पडतो. गुरुजी चौकशी करतात. वार्षिक प्रात्यक्षिकाला आई-बाबा समोर बसणार असतात. या साऱ्यामुळे एका पोराचा सातवा आठवडा पार पडतो, आणि अशा पोरांनी आखाड्याला शंभरी पार करून दिली.

अकोल्याकडे पाहिले तरी हेच दिसते. अकोल्याने मुष्टियुद्धात नाव काढले आहे. तिथल्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत खेड्यापाड्यांतून निवडून आलेली मुले राहतात, शिकतात, ठोसे खातात आणि देतात. बुलडाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे इथेच घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. 'वी'च्या पडद्यावरही बॉक्सिंग आहे, पण त्यात समोरच्याचा ठोसा लागत नाही. खरा ठोसा लागल्यावर पुन्हा हात वर धरायला शिकणे, हे अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणासारख्या खऱ्या मैदानावरच होते.

माझे एक मागणे आहे. ते अमरावतीच्या तरुण अभियंत्यांना आहे. पायाखाली दिवा पेटणारी चटई, पाटीवर आपोआप गुण मोजणारा खो-खोचा खांब, संजीवनी-गामिनी खेळायला शिकवणारा मराठी मोबाइल गेम हे सगळे तुमच्या आवाक्यातले आहे. असा खेळ करा, की ज्याची शेवटची पातळी पार करायला मैदानावरच यावे लागेल. बर्लिनला गेलेल्या पोरांकडे खांब होता, तुमच्याकडे संगणक आहे.

आणि आई-बाबांना एवढेच सांगायचे आहे. या उन्हाळ्यात लेकराला जवळच्या आखाड्यात, व्यायामशाळेत, मैदानावर घेऊन जा. पहिले काही दिवस तो मोबाइलसाठी कुरकुर करील, तिचे पाय दुखतील, पहाटे उठायला रडारड होईल. त्याला रागावू नका, तिला घरी परत आणू नका. सातवा आठवडा लागेपर्यंत थांबा.