वस्ती कुठं करावी? – दादर-माटुंग्याची कहाणी

घर कुठं बांधावं हा प्रश्न खेड्यात सहसा कुणाला पडत नाही. बापाचं घर ज्या आळीत, त्याच आळीत मुलाचं. कुंभारवाडा, सुतारआळी, ब्राह्मणआळी, वेशीबाहेरचा वाडा ही सारी वाटणी आपल्या जन्माच्या आधीच झालेली असते. शेजारी कोण असावा हे माणूस निवडत नाही, आणि निवडायचं म्हटलं तरी गाव त्याला निवडू देत नाही. पण एका पिढीपुरती का होईना, मुंबईच्या एका टोकाला अशी जमीन तयार झाली की जिथं जुनी आळी नव्हती, जुना वाडा नव्हता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचार करावा लागला, की मी राहू कुठं आणि कुणाच्या शेजारी? ही जमीन म्हणजे दादर आणि माटुंगा. आज ही ठिकाणं शहराच्या ऐन मध्यावर वाटतात. त्या काळी ती शहराची वेस होती. पलीकडं शीव, आणि शीव या शब्दाचा अर्थच सीमा.

गोष्टीची सुरुवात रोगापासून होते. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांना आपल्या रोग्यांत गाठीच्या तापाची लक्षणं दिसली. प्लेग आला होता. धान्याची कोठारं, त्यांत उंदीर, आणि कोठारांना लागून माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी. लाखो माणसं मुंबई सोडून कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी गेली. काहींनी रोगही बरोबर नेला. पुढं पुण्यात काय झालं, रँडचा खून 1897 मध्ये का झाला, हे शिक्षक बंधूंना सांगायला नकोच.

सरकारला धास्ती वेगळीच होती. बंदर ओस पडलं तर व्यापार बुडतो. म्हणून 1898 मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था उभी केली. लोक तिला नुसतं ‘ट्रस्ट’ म्हणत. तिला तीन कामं होती : गलिच्छ वस्त्या पाडायच्या, वारा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, आणि उत्तरेला नवी जमीन आखून लोकांना तिकडं न्यायचं. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे याच ट्रस्टचे रस्ते. पाडण्याचं काम झपाट्यानं झालं. बांधण्याचं काम रेंगाळलं. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या गरिबांना पुष्कळदा पलीकडच्या, आधीच भरलेल्या चाळीत शिरावं लागलं. सुधारणा करणाऱ्यांची ही खोड जुनीच आहे.

उत्तरेला दादर, माटुंगा, शीव या बाजूला त्या वेळी भातखाचरं होती, माडाच्या वाड्या होत्या, लहान लहान गावठाणं होती. ट्रस्टनं ही जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं चालले. शहर वाढतं म्हणजे कुणाचं तरी शेत जातं, ही गोष्ट नगररचनेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. ज्याचं खाचर जातं त्याला ती ओळ फार लांब वाटते. या भांडणात आणि पुढं पहिल्या महायुद्धात वेळ गेला. वस्ती खऱ्या अर्थानं भरली ती 1920 नंतरच्या दहापंधरा वर्षांत. तोवर ट्रामही आली. तिचं शेवटचं ठाणं ‘ट्राम टर्मिनस’, म्हणून ‘दादर टी. टी.’ मुंबईची शेवटची ट्राम 1964 मध्ये बंद झाली, पण टी. टी. हे नाव माणसांच्या तोंडातून गेलं नाही.

आता ही जमीन वाटायची कशी? ट्रस्टनं तिचे भूखंड पाडले आणि लांब मुदतीच्या पट्ट्यानं दिले. इमारत किती उंच, कडेनं मोकळी जागा किती, हे आधीच ठरवलेलं. चाळीत एका खोलीचं बिऱ्हाड असे, नळ आणि शौचकूप सामाईक. इथं नवी चीज आली, ती म्हणजे ‘ब्लॉक’. दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, आणि शौचकूप घराच्याच आत! आज हसू येईल, पण घरात शौचकूप म्हणजे विटाळ घरात, असं मानणाऱ्या आजीबाईंना ही कल्पना पचायला जड गेली असणार. तरीही लोक आले. कारण ब्लॉकला दार होतं, आणि ते लावून घेता येत होतं.

जमीन नवी, पण येणारी माणसं जुनीच. प्रत्येकाला आपल्या भाषेचा, आपल्या जेवणाचा, आपल्या देवाचा शेजार हवा. मंचेरजी एदलजी जोशी नावाचे पारशी इंजिनीअर ट्रस्टच्या कामात होते. (आडनावावरून गोंधळू नका.) मध्यम स्थितीतल्या पारशांना कोटात आणि गिरगावाच्या बाजूला परवडेल अशी जागा मिळत नव्हती. जोशींनी खटपट करून 103 भूखंड पारशांसाठी राखून घेतले. त्यांनी नुसती घरं मोजली नाहीत, झाडंही ठरवली : जाम-ए-जमशेद रस्त्याला अशोक, फिरदौसी रस्त्याला महोगनी. तिथल्या पाच बागा आजही आहेत. आणि विशेष असं, की मुंबईतल्या इतर पारशी ‘बागां’भोवती भिंत आणि फाटक असतं, या कॉलनीला ते नाही. कुणीही पायी यावं, सावलीत बसावं, निघून जावं. घर मात्र पारशालाच.

शेजारी, मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, हिंदू कॉलनी. नाव हिंदू, पण तिथं आलेल्यांत भर मराठी मध्यमवर्गाची : वकील, मास्तर, कचेरीतले कारकून. आणखी उत्तरेला माटुंग्यात दक्षिणेकडची माणसं जमली. रेल्वेत, पेढ्यांत, हिशेबाच्या खात्यांत इंग्रजी जाणणारे कारकून लागत. मद्रास इलाख्यातून आणि केरळातून तरुण येत. आधी एक येई, मग त्याचा मेहुणा, मग मेहुण्याच्या गावचा. भजनाच्या मंडळातून देऊळ उभं राहिलं, देवळाबाहेर फुलांच्या वेण्या आल्या, बाजारात केळीची पानं आणि शेवग्याच्या शेंगा आल्या. 1932 मध्ये ‘साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी’ निघाली. उडुपी खाणावळी निघाल्या आणि इडली मुंबईकरांची झाली. कच्छी आणि गुजराती व्यापारीही त्याच गल्ल्यांत होते. 1937 मध्ये रुइया आणि खालसा अशी दोन महाविद्यालयं त्याच सुमाराला तिथं सुरू झाली. एक मराठी मंडळींच्या संस्थेचं, दुसरं शिखांच्या संस्थेचं. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याला पंजाबातून आलेले निर्वासित वसले. म्हणजे ट्रामच्या टोकापासून तासाभराच्या पायी फेरीत तुम्हाला मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी, पंजाबी सगळ्या भाषा ऐकू याव्यात. शिक्षकांनी मुलांना मुंबईला नेलं तर राणीच्या बागेतले वाघ दाखवून झाल्यावर ही फेरीही घडवावी.

पण ज्याला ‘आपला’ असा शेजार मिळतच नाही, त्यानं काय करायचं?

1917 साली एक पंचविशीचा तरुण अमेरिकेत, लंडनात शिकून, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीवर हजर व्हायला बडोद्याला गेला. नाव भीमराव आंबेडकर. त्याला राहायला जागा मिळेना. हिंदू उतारशाळेत जात विचारणार. शेवटी एका पारशी उतारशाळेत तो पारशी नाव सांगून राहिला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले लोक जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत निघून जा, म्हणाले. त्यानं दोन मित्रांकडं आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर हा मोठा पदवीधर सार्वजनिक बागेत बसून राहिला. हे सारं त्यांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मुंबईत त्यांचं बिऱ्हाड कुठं होतं? परळला, ट्रस्टनंच बांधलेल्या कामगारांच्या चाळीत. दोन खोल्या. परदेशातली वर्षं वगळता विशीपासून चाळिशीपर्यंतचा त्यांचा बराचसा काळ याच चाळीत गेला. महाडचा सत्याग्रह 1927 चा. त्या वेळीही पत्ता परळचाच. माणसं येत, पुस्तकं वाढत, जागा पुरेना. मग 1930 नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत भूखंड घेऊन घर बांधलं. कर्ज काढलं, नकाशात स्वतः लक्ष घातलं, आणि ग्रंथांसाठी प्रशस्त जागा ठेवली. नाव दिलं ‘राजगृह’, मगधाच्या प्राचीन राजधानीचं.

ज्या माणसाला गावात वेशीबाहेर आणि बडोद्यात रस्त्यावर जागा होती, त्यानं शिकलेल्या पांढरपेशांच्या कॉलनीत घर बांधलं, ही गोष्ट मला महाडच्या तळ्याइतकीच अर्थपूर्ण वाटते. जुन्या गावठाणात हे इतक्या सहज झालं असतं असं मला वाटत नाही. इथं जमीन नव्यानं आखलेली होती, आळीचा पंच नव्हता, भूखंडाला पैसा आणि सही लागत होती. अर्थात पैसाही एक वेसच आहे. परळच्या चाळीतले त्यांचे शेजारी तिथंच राहिले.

पुढचा काळ भराभर सांगतो. ट्रस्ट 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. 1947 च्या कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण रिकामी खोली मिळेनाशी झाली आणि पागडीची प्रथा बळावली. सहकारी गृहसंस्था वाढल्या. त्यांचीही सुरुवात जातभाईंपासूनच होती : गावदेवीची सारस्वतांची संस्था 1915 ची. एका समाजापुरतीच संस्था ठेवता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या बाबतीत न्यायालयानं ठेवता येते असा निकाल दिला. आपल्या माणसांत राहण्याचा हक्क आणि दुसऱ्याला दार बंद करण्याचा हक्क, यांत रेघ कुठं ओढायची? कायद्यानं एक उत्तर दिलं. पण आडनाव ऐकून ‘जागा आत्ताच गेली हो’ म्हणणारे घरमालक शहरात आजही भेटतात, आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब दिल्लीत वारले. पार्थिव मुंबईला आणलं ते राजगृहात, आणि तिथून अंत्ययात्रा दादरच्या समुद्राकडं निघाली. दर वर्षी त्या दिवशी विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांतून माणसं चैत्यभूमीवर येतात, आणि त्यांतली पुष्कळशी वाट विचारत विचारत हिंदू कॉलनीतही जातात. भाकरीचं गठुडं काखेत, पोर कडेवर. घरासमोर थांबतात, वर खिडक्यांकडं पाहतात. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी यांच्यामधून जाणारा तो मोठा रस्ता पूर्वी ‘किंग्ज वे’ होता. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात.