भरलेली बोडी, अडलेली बोडी

मूत्रपिंडाच्या कार्यचित्रणाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी प्रस्तावना

‘किडनीला सूज आहे.’ सोनोग्राफी करून बाहेर पडलेला रुग्ण बहुधा एवढे एकच वाक्य घेऊन घरी जातो. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या बाजारात, घोटच्या एसटी थांब्यावर, आष्टीच्या दवाखान्याबाहेर ते वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा सरकतो. कोणी त्यातून ‘किडनी फेल’ असे काढतो, कोणी कुळथाचे पाणी सुचवतो, कोणी सूज आपोआप उतरेल म्हणून धीर देतो. मूळ अहवालात सूज हा शब्दच नसतो. तिथे ‘हायड्रोनेफ्रोसिस’ लिहिलेले असते, म्हणजे मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीत मूत्र साचून ती रुंदावलेली दिसते. सोनोग्राफीत मुतखडा दिसतो, प्रोस्टेटची वाढ दिसते, पोकळी किती रुंदावली तेही मोजता येते. पण त्या फुगवट्याआड मूत्रपिंड किती काम करते आहे, आणि मूत्राची वाट खरोखरच अडली आहे का, हे तिला खात्रीने सांगता येत नाही.

या दोन प्रश्नांमागे लागलेले शास्त्र म्हणजे मूत्रपिंडाचे कार्यचित्रण. वैद्यकाचे विद्यार्थी, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, तंत्रज्ञ आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते या सर्वांना त्या शास्त्रात बोलावण्यासाठी ही प्रस्तावना आहे. गणिताची भीती बाळगू नये. शिकायचे आहे ते एक साधे पथ्य: अवयवाचा आकार पाहिला म्हणजे त्याचे काम पाहिले असे समजू नये.

झाडीपट्टीतल्या वाचकाला हा भेद समजावायला फार लांब जावे लागत नाही. भादव्यात शेताच्या वरच्या अंगाची बोडी, म्हणजे छोटे तळे, काठोकाठ भरलेली दिसते. चांगल्या पावसाने ती भरली आहे, की पाणी सोडण्याचे तुडूम गाळाने बुजल्यामुळे पाणी तुंबले आहे, हे पाळीवर नुसते उभे राहून कळत नाही. तुडूम उघडे ठेवावे आणि वरून एक जोराची सर येऊ द्यावी. वाट मोकळी असेल तर पाणी पाटाने निघून जाते आणि थोड्या वेळात पातळी उतरते. वाट बुजलेली असेल तर पाणी पाळीवर चढू लागते. डाययुरेटिक रेनोग्राम ही तपासणी नेमके हेच करते. तिच्यातली सर म्हणजे फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध.

तपासणीच्या खोलीत क्षणभर जाऊन पाहू. रुग्णाला आधी पुरेसे पाणी पाजलेले असते आणि लघवी करून यायला सांगितलेले असते. तो टेबलावर उताणा झोपतो. गॅमा कॅमेरा त्याच्या पाठीखाली असतो, कारण मूत्रपिंडे पाठीला जवळ. हाताच्या शिरेतून डीटीपीए किंवा ईसी या औषधाला बांधलेले टेक्नेशियम-९९एम अगदी थोड्या मात्रेत दिले जाते. पहिल्या मिनिटात पडद्यावर महारोहिणी उजळते आणि पाठोपाठ दोन्ही मूत्रपिंडे. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात रक्तातले औषध कोणत्या बाजूने किती उचलले ते मोजतात आणि दोघांच्या कामाची वाटणी काढतात. साधारणपणे प्रत्येक मूत्रपिंडाचा वाटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. निरोगी मूत्रपिंडाची रेषा तीन ते पाच मिनिटांत शिखर गाठते आणि मग उतरू लागते. ती उतरत नसेल, तर फ्युरोसेमाइड दिल्यावर काय होते ते पाहायचे. साचलेले औषध निम्म्यावर यायला १० मिनिटांहून कमी वेळ लागला तर वाट मोकळी समजतात, २० मिनिटांहून अधिक लागला तर अडथळ्याची शंका बळावते, आणि मधल्या पट्ट्यात उत्तर संदिग्ध राहते.

यानंतरची पायरी छोटी असली तरी नवशिक्याने ती मनात कोरून ठेवावी. रुग्णाला उठवतात, उभे करतात, लघवीला पाठवतात आणि पुन्हा एक चित्र घेतात. झोपलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात साचलेले मूत्र उभे राहिल्यावर खाली उतरते, भरलेल्या मूत्राशयाचा उलटा दाबही जातो. आधी ‘अडथळा’ वाटलेली कितीतरी चित्रे या एका पायरीने मोकळी होतात. शिवाय थकलेले मूत्रपिंड फ्युरोसेमाइडला नीट प्रतिसाद देत नाही. सर आलीच नाही तर तुडुमाची परीक्षा कशी होणार? म्हणून रेनोग्रामचा कागद वाचताना आलेखाइतकेच लक्ष रुग्णाने पाणी किती प्यायले होते, औषध केव्हा दिले आणि शेवटचे चित्र उभे करून घेतले का, याकडे द्यायला हवे.

रेनोग्रामची सख्खी बहीण म्हणजे डीएमएसए तपासणी. डीएमएसए मूत्रात उतरण्याची घाई करत नाही, मूत्रपिंडाच्या सालीतल्या पेशींना चिकटून बसते. दोन-तीन तासांनी घेतलेल्या चित्रात जिवंत साल उजळ दिसते, तर जंतुसंसर्गाने व्रण पडलेली जागा खाचेसारखी काळी राहते. दोन्ही तपासण्यांतला किरणोत्सर्ग साधारण एक-दोन मिलिसिव्हर्टच्या घरातला आहे. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. ही तुलना रुग्णाला समजावून सांगितली तर ‘अणू’ या शब्दाची धास्ती बरीच ओसरते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९२९ साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक यांनी शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त औषधाने मूत्रमार्गाचे एक्स-रे चित्र मिळवून दाखवले. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत टॅपलिन, विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून पहिले रेनोग्राम काढले. १९३७ मध्ये सापडलेले टेक्नेशियम १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉलिब्डेनमच्या जनित्रातून हाताशी आले, आणि त्याच सुमारास हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेराही घडला. महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी १९५६ ची. त्याच अणुऊर्जा कार्यक्रमातून १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले आणि भारतातल्या अणुवैद्यकाच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या.

आता चामोर्शीकडून पाहू. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. सकाळी आठला मोजलेली मात्रा दुपारी दोनला निम्मी उरते आणि रात्री आठला चतकोर. ज्या मॉलिब्डेनमपासून ते निघते त्याचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणून जनित्रही वारंवार नवे आणावे लागते. कॅमेरा अवजड, तो चालवणारे हात प्रशिक्षित आणि परवाने काटेकोर. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र तालुक्यापर्यंत पोचले तरी गॅमा कॅमेऱ्यासाठी सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या नागपूरची वाट धरावी लागते. वैनगंगेच्या काठावरच्या धानकऱ्याला त्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते, सोबतीला एक माणूस न्यावा लागतो आणि मुक्कामाची सोय पाहावी लागते. म्हणून ‘रेनोग्राम करून या’ असे चिठ्ठीवर लिहिण्याआधी डॉक्टरने स्वतःला विचारावे: या उत्तराने माझा निर्णय बदलणार आहे का? हा प्रश्न जिथे रोज विचारला जातो तिथेच संशोधनाची सवय लागते.

अंतराहूनही खोल अडचण मापाची आहे. मूत्रपिंडाच्या कामाचे सर्वात वापरातले माप म्हणजे जीएफआर, मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो तो आकडा. दवाखान्यात तो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. क्रिएटिनिन येते स्नायूंतून. अंगावर मांस नसलेल्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे मूत्रपिंड निम्मे थकले तरी कागदावर आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. कॅमेऱ्यावरून जीएफआर काढण्याची गेट्स पद्धत १९८२ ची. तिच्यात मूत्रपिंड कातडीपासून किती खोल आहे हे वजन आणि उंचीवरून अंदाजतात, आणि त्याचे सूत्र १९७५ मध्ये डेन्मार्कमधल्या रुग्णांवरून बांधलेले आहे. त्या सूत्राप्रमाणे ८० किलो वजनाच्या, १८० सेंटिमीटर उंच माणसाचे उजवे मूत्रपिंड सुमारे ६.६ सेंटिमीटर खोल येते. ४५ किलो आणि १५५ सेंटिमीटरच्या माणसाचे येते ४.६. प्रत्यक्ष खोली याहून एक सेंटिमीटरने वेगळी निघाली, तर जीएफआरच्या आकड्यात साधारण १५ टक्क्यांचा फरक पडतो. सोनोग्राफीने ही खोली दोन मिनिटांत मोजता येते. चामोर्शी तालुक्यातल्या गोंड, बंगाली, कुणबी, महार अशा वेगवेगळ्या कुटुंबांतल्या माणसांत ती मोजून सूत्राशी ताडून पाहणे, हे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आणि खरोखर उपयोगाचे काम आहे.

इथले आजारही आपापले प्रश्न घेऊन उभे आहेत. विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेल आहे. त्यात मूत्रपिंडाची मूत्र घट्ट करण्याची ताकद लहानपणीच जाते, म्हणून मूल रात्री अंथरूण ओले करते आणि बोलणी खाते. याच आजारात सुरुवातीची कित्येक वर्षे जीएफआर नेहमीपेक्षा जास्त असतो. उत्तम वाटणारा तो आकडाच बिघाडाची पहिली खूण असू शकतो. रोवणीच्या दिवसांत घोणस चावते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची घडी विस्कटते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. डायलिसिसवरून सुटून घरी गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाची साल वर्षभराने कितपत भरून आली, हे पाहायला हवे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारे हात भर उन्हात घामाघूम होतात, पाणी कमी पितात, लघवी गडद होते. ‘उन्हाळी लागली’ म्हणून पळसाची फुले भिजत घातली जातात. त्यातल्या किती जणांना मुतखडा आहे, किती जणांना संसर्ग आहे आणि किती जण नुसते तहानलेले आहेत? पश्चिम विदर्भाच्या खारपाणपट्ट्यात पाणी आणि मूत्रपिंड यांच्या नात्याची चर्चा वर्षानुवर्षे चालते. पूर्वेकडच्या या जंगलाचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते इथेच मांडावे लागतील.

चांगले संशोधन कसे दिसते, याचे एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. लहान मुलांत मूत्र मूत्राशयातून उलटे वर चढत असेल तर रोज थोडे प्रतिजैविक द्यावे का, असा जुना वाद होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या रिव्हर या अभ्यासाने ६०७ मुलांना दोन वर्षे पाहिले. औषधाने पुन्हा होणारा संसर्ग निम्म्यावर आला. पण डीएमएसए चित्रात दिसणारे नवे व्रण औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. केवळ ताप मोजले असते तर औषधाचा निर्विवाद विजय झाला असता. मूत्रपिंडाची साल पाहिली म्हणून उत्तर अधिक खरे झाले, आणि आईबापांशी अधिक प्रामाणिकपणे बोलता येऊ लागले.

एवढे मोठे संशोधन आपल्याकडे कुठले, असे म्हणणाऱ्याने गडचिरोलीचाच इतिहास वाचावा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. दवाखान्यात येणाऱ्यांना मोजून हे कधीच कळले नसते. गावात जाऊन, दुखते असे न सांगणाऱ्यांनाही तपासले, म्हणून कळले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, याच जिल्ह्यातला घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि देशाच्या धोरणापर्यंत पोचला. मूत्रपिंडाच्या आजारात तर हा धडा दुप्पट लागू पडतो, कारण हा अवयव बरेचसे काम गमावेपर्यंत तक्रारच करत नाही.

वाटही आखता येते. रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिन गावात तपासता येते, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी तालुक्याला. नेमका जीएफआर हवा असेल तर आयोहेक्सॉल हे एक्स-रेचे किरणोत्सारी नसलेले औषध टोचून, ठरलेल्या वेळांना रक्ताचे नमुने घेऊन ते दूरच्या प्रयोगशाळेत मोजता येतात. टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही हे मोजमाप करून पाहिले गेले आहे. माणसाऐवजी थेंब नागपूरला जावा, ही कल्पना या जिल्ह्यात पारखून घेण्याजोगी आहे. मग गॅमा कॅमेऱ्यासमोर तेवढेच रुग्ण जातील, ज्यांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्या चित्रावर अडला आहे.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला पहिला पाठ म्हणून एक काम सुचवतो. हाती येणाऱ्या पुढच्या अहवालाचे एक वाक्य करावे आणि ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे, मराठीत, माडियात किंवा बंगालीत. ‘सूज’ हा शब्द न वापरता. उदाहरणार्थ: ‘डाव्या किडनीत पाणी साचलेले दिसते, पण वाट मोकळी आहे आणि ती आपल्या वाट्याचे, म्हणजे जवळजवळ निम्मे, काम नीट करते आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.’ हे वाक्य जुळवताना काम, वाट आणि वेळ या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. त्यातली एखादी सापडली नाही, तर आपल्याला अजून काय मोजायचे आहे ते तिथेच कळते.