हळदीची वंशावळ आणि आज्जीची आठवण

मागच्या दिवाळीत लोहाऱ्याला गेलो होतो. घरात शिरलो तर आज्जी ओसरीवर बसलेली. मी पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला, तोंडभरून आशीर्वाद दिला आणि विचारलं, "पाव्हणं, कुठून आलाव?"

मी तिचा सख्खा नातू. थोरला. काही सुचेना. "पुण्याहून आलो आज्जी," म्हणालो. "लई लांबून आलाव की. चहा घ्या मग," ती म्हणाली. आदरातिथ्य शाबूत होतं, नातूच तेवढा पुसला गेला होता.

रात्री जेवणं झाल्यावर काकांनी कपाटातून एक डबी काढली. पिवळ्याधमक कॅप्सूल. ओळखीच्या कुणीतरी पंधराशे रुपयांना आणून दिलेल्या. वर मेंदूचं चित्र, खाली 'हळदीचा अर्क'. काका म्हणाले, "तू कंप्युटरवाला. बघून सांग, हे खरं हाय का थापा हायती. खरं असंल तर दर म्हैन्याला आणतो. आईपुढं पैसा काय मोठा नाही."

आता मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. माझं काम दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचं. पण काकांनी विश्वासाने विचारलं होतं, म्हणून पुढचे तीन-चार वीकेंड यात घातले. हातात आला तो हळदीचा एक लांबलचक इतिहास, आणि तो मला कुठल्याही सस्पेन्स कादंबरीपेक्षा कमी वाटला नाही. तोच आज मांडतो.

सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीची. १८१५ मध्ये व्होगेल आणि पेलतिये या दोघांनी हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं. तेच कर्क्युमिन. त्याच्या रेणूची नेमकी रचना कळायला १९१० साल उजाडलं. चांगल्या हळदीत हे साधारण तीन टक्के असतं. म्हणजे आपण भाजीत चिमूटभर हळद टाकतो तेव्हा कर्क्युमिन काही मिलिग्रॅमच पडतं. हा तीन टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग येतं आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं प्रकरण. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. जखमेवर हळद! आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की डॉक्टरआधी हळदीचा डबा उघडतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने ते दावे फेटाळले. ही हळदीघाटची दुसरी लढाई म्हणून आपल्याकडे गाजली, आणि गाजायलाच हवी होती.

पण इथे एक गडबड झाली असं मला वाटतं. त्या लढाईत सिद्ध काय झालं? एवढंच की हळदीचा हा उपयोग जुना आहे, म्हणून तो कुणाला नवा शोध म्हणून विकता येणार नाही. हळद किती रोगांवर किती गुण देते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आपण मात्र 'हळद जिंकली' एवढंच घरी घेऊन आलो. जिंकली म्हणजे सगळ्यावर चालते! काकांच्या डबीवरचं मेंदूचं चित्र मला त्या विजयाचं नातवंड वाटतं.

हळदीचा मेंदूशी संबंध जोडला गेला तो साधारण २००१ मध्ये. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासाचे निष्कर्ष आले. पासष्टीपुढच्या लोकांमध्ये अल्झायमरच्या नव्या रुग्णांचं प्रमाण तिथे दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ४.७ निघालं, तर पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यात १७.५. जवळजवळ चौथा हिस्सा! त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी अल्झायमरची लक्षणं असलेल्या उंदरांना कर्क्युमिन खायला दिलं, तर त्यांच्या मेंदूतला अमायलॉइड नावाचा चिकट गाळ कमी झालेला दिसला.

दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप तयार होते. भारतीय हळद खातात, भारतीयांना अल्झायमर कमी, उंदरांना हळदीने गुण. झालं! पण आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन घटना एकाच लॉगमध्ये दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. बल्लभगडच्या संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं की आयुर्मान कमी असणं आणि आजारानंतर माणूस फार न जगणं ही कारणंही असू शकतात. हळद त्यांनी मोजली नव्हतीच.

आणि पुढे काय झालं? २०२३ मध्ये देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून अंदाज आला की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. हे सगळे लोक जन्मभर हळद खाल्लेलेच की! आमची आज्जी त्या ८८ लाखांतली एक.

बरं, माणसांवर चाचण्या झाल्या का? झाल्या. हाँगकाँगमध्ये अल्झायमरच्या ३४ रुग्णांवर सहा महिने, निष्कर्ष २००८ मध्ये. फरक नाही. अमेरिकेत ३६ जणांवर २४ आठवडे, रोज दोन किंवा चार ग्रॅम, निष्कर्ष २०१२ मध्ये. फरक नाही. तिथे एक मेख कळली. रक्तात कर्क्युमिन पोचतच नव्हतं म्हणायला हरकत नाही. ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, जे जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की सोबत मिरीतलं पायपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. (हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या समस्त आज्ज्यांना नमस्कार!)

एक चाचणी मात्र बरी निघाली, तीही सांगायलाच हवी. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठाने ४० जणांवरचे निष्कर्ष छापले. ५१ ते ८४ वयाची ही माणसं डिमेन्शिया नसलेली, फक्त वयानुसार विसरायला लागलेली. त्यांतल्या काहींना चांगलं शोषलं जाणारं खास बनवलेलं कर्क्युमिन, ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीड वर्ष. त्यांची स्मरणशक्ती चाचण्यांमध्ये सुधारली. पण माणसं चाळीसच. चाळीस युजरवर टेस्ट करून आम्ही साधं अ‍ॅपसुद्धा सगळ्यांना सोडत नाही.

२०१७ मध्ये तर औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरचं सगळं संशोधन पालथं घालून स्पष्टच लिहिलं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात टिकत नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतो. टेस्ट पास होते, पण कोड चालत असतो म्हणून नाही, टेस्टमध्येच घोळ असतो म्हणून. असे बग मी पाहिलेत. फार त्रास देतात.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड शूबर्ट आणि पामेला माहेर यांच्या गटाने वेगळाच रस्ता धरला. हळद चांगली की वाईट यावर वाद घालण्यापेक्षा त्यांनी कर्क्युमिनचा रेणू घेतला, त्यातला लवकर मोडणारा भाग बदलला, आणि एकामागून एक नवे रेणू बनवले. औषध शोधायची त्यांची पद्धतही उलटी होती. त्या काळात सगळे अमायलॉइडच्या मागे लागलेले. यांनी प्रयोगशाळेतल्या चेतापेशींना म्हातारपणी मेंदूला जे जे सोसावं लागतं तसले त्रास दिले, मग प्रत्येक रेणू टाकून पाहिलं की कुणामुळे पेशी वाचतात. का वाचतात ते नंतर बघू! त्या चाळणीतून निघालेला एक रेणू म्हणजे जे-१४७. हळदीचा वंशज, पण हळदीत कुठेही न सापडणारा.

२०११ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आजार बळावलेल्या, वीस महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांचीही आठवण त्याने सुधारते. आणि २०१८ मध्ये 'का' चं उत्तर मिळालं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारं एटीपी सिन्थेज नावाचं यंत्र असतं, जे-१४७ त्याला थोडासा लगाम घालतो. त्यामुळे पेशीला जणू टंचाईची चाहूल लागते आणि ती काटकसरीने, सावधपणे वागू लागते. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुष्काळात वाढलेलं माणूस पाणी जपून वापरतं.

गंमत बघा, १९९५ च्या पेटंटवर आपण चिडलो कारण त्यात नवं काही नव्हतं. जे-१४७ मात्र खरोखर नवा आहे. वीस-पंचवीस वर्षांत हळदीच्या गोष्टीचं हे झालेलं वळण मला फार महत्त्वाचं वाटतं. परंपरेने धागा दिला, पण कापड विणायला वेगळीच मेहनत लागली.

मग औषध कुठे आहे? २०१९ मध्ये माणसांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. निरोगी तरुण आणि निरोगी ज्येष्ठांवर, औषध सोसतं का आणि शरीरात किती टिकतं एवढंच बघायला. आठवण सुधारते का, हा प्रश्न त्या टप्प्यात नसतोच. जे-१४७ आजही दुकानात मिळत नाही. आणि उंदरांवर भरवसा किती ठेवायचा? डिमेबॉन नावाच्या जुन्या रशियन अ‍ॅलर्जीच्या औषधाने तर माणसांवरसुद्धा २००८ मध्ये छान गुण दाखवला होता, सगळं जग आशेला लागलं. २०१० च्या मोठ्या चाचणीत काहीच निघालं नाही. शूबर्ट २०२० मध्ये गेले. त्यांचा रेणू अजून वाटेवर आहे.

असो. काकांना काय सांगायचं हा प्रश्न उरतोच.

फोन केला. म्हटलं, "काका, कॅप्सूल बंद करा. गुण येईल असा पुरावा नाही, आणि पायपरिन घातलेल्या जास्त डोसच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रात्रीचं हळद-दूध आवडत असेल तर चालू द्या. फक्त सुटी, फार चकचकीत पिवळी हळद आणू नका. रंगासाठी काही ठिकाणी शिशाचं क्रोमेट मिसळतात, ते मेंदूलाच वाईट. घरी दळलेली वापरा." म्हणजे मेंदूसाठी घेतलेल्या हळदीनेच मेंदू बिघडायचा!

काका गप्प. मग म्हणाले, "म्हंजे करायचं काहीच नाही?"

हा प्रश्न मला लागला. कारण पंधराशे रुपयांत ते कॅप्सूल घेत नव्हते. आपण आईसाठी काहीतरी करतोय, ही भावना घेत होते. नुसतं 'थापा हायती' म्हणून ती काढून घेणं सोपं होतं.

म्हणून यादी दिली. बी-१२, थायरॉइड, साखर, बीपी तपासा, कारण यांच्या कमी-जास्तीनेही विसरायला होतं आणि ते सुधारतं. कान तपासा. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे चौदा धोके मोजले, त्यात ऐकू कमी येणं, दृष्टी जाणं, शाळा न मिळणं, एकटेपणा हे आहेत. आज्जीला शाळा मिळाली नाही. ते आता कुणाच्या हातात नाही. बाकीचं आहे.

तपासण्या झाल्या. बी-१२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. कानात मशीन आलं. आजार गेला नाही, जाणारही नाही. पण काका सांगतात की आता ती बोलण्यात भाग घेते.

संक्रांतीला परत गेलो. शेजारी बसलो आणि तिला भूकंपाचं विचारलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आज्जी सगळं सांगत गेली. धाब्याच्या घराची माती कशी खाली आली, सास्तूरकडून लोक कसे आले, कुणाला कुठल्या झाडाखाली निजवलं. एकही नाव चुकलं नाही. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी ढासळतो, जुन्या खोल रुजलेल्या आठवणी उशिरा जातात, असं वाचलं होतं. ते समोर बसून ऐकलं.

शेवटी म्हणाली, "त्या राती थोरल्या नातवाला मीच उचलून भायेर आणलं. लई रडत हुतं लेकरू."

ते लेकरू मीच. मी तिला सांगितलं नाही. ती उठली आणि पाव्हण्यासाठी हळद घालून दूध तापवायला सांगायला आत गेली.