पीबॉडीची बदके

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मेंफिस शहरात पीबॉडी नावाचे जुने हॉटेल आहे. तिथे रोज सकाळी ११ वाजता पाच बदके छतावरून लिफ्टने खाली येतात, लाल पायघड्यांवरून चालत लॉबीतल्या कारंज्यात उतरतात आणि संध्याकाळी ५ वाजता त्याच वाटेने परत वर जातात. या प्रथेचे मूळ दोन शिकाऱ्यांनी केलेल्या एका थट्टेत आहे आणि तीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण थट्टेची प्रथा झाली ती एका बेलमनमुळे, म्हणजे पाहुण्यांच्या बॅगा वाहणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे. या इतिहासातला मोठा वाटा त्याचा आहे.

पहिले पीबॉडी हॉटेल १८६९ मध्ये रॉबर्ट कॅम्पबेल ब्रिंकली यांनी बांधले. यादवी युद्धाने पोळलेल्या दक्षिणेत शिक्षणासाठी मोठी देणगी देणारे जॉर्ज पीबॉडी यांचे नाव त्याला दिले गेले. मेंफिस ही कापसाची पेठ होती. मिसिसिपी आणि आर्कान्सा या राज्यांतल्या मळ्यांचा कापूस इथे येई, इथेच त्याचा भाव ठरे आणि मळेवाले, दलाल, व्यापारी पीबॉडीत उतरत. (त्या युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापूसबाजारात न भूतो अशी तेजी आली होती. मराठी वाचकाला हा काळ त्या बाजूने परिचयाचा आहे.) जुनी इमारत १९२३ मध्ये बंद झाली. सध्याची इमारत युनियन अ‍ॅव्हेन्यूवर १९२५ मध्ये उघडली. तिचे वास्तुविशारद शिकागोचे वॉल्टर आल्श्लागर. इटालियन रेनेसाँस धाटणीच्या या वास्तूच्या मधोमध दुमजली उंचीची लॉबी आहे आणि तिच्या मध्यभागी ट्रॅव्हर्टिन दगडाचे कारंजे.

बदकांची गोष्ट १९३३ सालची म्हणून सांगितली जाते. हॉटेलचे व्यवस्थापक फ्रँक शुट आणि त्यांचे मित्र चिप बारविक नदीपलीकडे आर्कान्सात बदकांच्या शिकारीला गेले होते. तिथली भातखाचरे आणि पाणथळ जंगले म्हणजे उत्तरेकडून हिवाळ्यात उतरणाऱ्या रानबदकांचा हक्काचा मुक्काम. शिकारीसाठी त्या काळी जिवंत बदके आमिष म्हणून वापरत. ‘कॉल डक’ जातीचे बदक अंगाने लहान, पण आवाजाला खणखणीत. त्याला पाण्यात बांधून ठेवायचे आणि आपण आडोशाला दबा धरून बसायचे. त्याची हाक ऐकून वरून जाणारा थवा निर्धास्तपणे खाली उतरतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येतो. शुट आणि बारविक यांच्याजवळ अशी तीन बदके होती. परतल्यावर दोघांनी ती लॉबीतल्या कारंज्यात सोडून दिली. पाहुण्यांना राग येईल असे वाटले होते, घडले उलटेच. लोक कारंज्याभोवती जमू लागले आणि बदके तिथेच राहिली.

या कथेत टेनेसीच्या व्हिस्कीचाही उल्लेख हटकून येतो. दोघांनी ती जरा जास्त घेतली होती, असे सांगतात. ते खरे असेल तर ती व्हिस्की चोरून मिळवलेली असणार, कारण टेनेसीत १९०९ च्या कायद्याने आलेली दारूबंदी देशातली बंदी उठल्यानंतरही १९३९ पर्यंत टिकून होती. गमतीच्या कथेत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र ठाम आहे. ही थट्टा दोन-तीन वर्षे उशिरा सुचली असती तर जमली नसती. १९३० च्या दशकातील दुष्काळात उत्तरेकडची तळी आटली, रानबदकांची संख्या झपाट्याने घसरली आणि १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने जिवंत आमिषबदकांच्या वापरावर बंदी घातली. शिकारीची जी पद्धत बदकांच्या मुळावर उठली होती, तिच्यातली तीन बदके हॉटेलात मानाने राहिली.

तरीही १९४० पर्यंत ही केवळ कारंज्यातली बदके होती. त्या वर्षी एडवर्ड पेंब्रोक या बेलमनने त्यांची देखभाल आपणहून मागून घेतली. पेंब्रोक पूर्वी सर्कशीत प्राण्यांना शिकवत असत. बदकांना कारंज्यापर्यंत आणण्याचे काम हाती येताच त्यांनी त्याची कवायत केली. बदके मुळातच एकामागोमाग चालणारी. पाण्याची ओढ, रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि मागून हलकेच वळवणारा माणूस एवढ्यावर ती शिकतात. पण ते रोज, न चुकता करावे लागते. ‘डकमास्टर’ हे पद त्यांच्यामुळे निर्माण झाले. हॉटेल बंद असण्याचा काळ वगळता १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्यांनीच सांभाळले. पेंब्रोक कृष्णवर्णीय होते. दक्षिणेतल्या वंशभेदाच्या काळात अशा हॉटेलांत कृष्णवर्णीय माणूस गणवेश घालून काम करू शकत असे, पाहुणा म्हणून खोली घेऊ शकत नसे. १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत हीच रीत होती. ज्या लॉबीत त्यांना पाहुणा म्हणून बसता आले नसते, तिची जगभरची ओळख त्यांनी घडवली, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

मिरवणुकीचा थाट पुढे वाढत गेला. लाल कोट घातलेला डकमास्टर हातात काठी घेऊन लिफ्टमधून बाहेर येतो. नाव पुकारले जाते, वाद्यसंगीत सुरू होते आणि बदके पायघड्यांवर डुलत निघतात. पुढची वाट चुकली की काठी किंचित आडवी येते. कारंज्याला लावलेल्या पायऱ्या चढून एकेक जण पाण्यात उडी घेतो. सगळे मिनिटाभरात आटोपते. वाजते ती धून जॉन फिलिप सूझा यांची ‘किंग कॉटन मार्च’. ती १८९५ मध्ये अटलांटातील कापूस-प्रदर्शनासाठी रचलेली. कापसावर उभ्या राहिलेल्या शहराला यापेक्षा समर्पक धून सापडणे कठीण.

शहराचे दिवस पालटले तसे हॉटेलचेही. जुन्या बाजारपेठेतली वर्दळ उपनगरांकडे सरकली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या याच शहरात, लोरेन मोटेलमध्ये झाली आणि मध्यवर्ती मेंफिस आणखी ओस पडले. पीबॉडी १९७५ मध्ये बंद झाले. बेल्झ कुटुंबाने ते विकत घेतले, काही वर्षे खपून सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून दुरुस्त केले आणि १९८१ मध्ये पुन्हा उघडले. मधल्या काळात, १९७७ मध्ये, त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली होती. मध्यवर्ती मेंफिस सावरू लागले त्यात या हॉटेलचा वाटा मोठा मानला जातो.

आता कारंज्यात ‘कॉल डक’ नसतात, मॅलार्ड असतात: हिरव्या चमकदार डोक्याचा एक नर आणि तपकिरी ठिपक्यांच्या चार माद्या. त्यांना जवळचा एक शेतकरी वाढवतो. साधारण तीन महिने हॉटेलात काढले की ती चमू परत शेतावर जाते आणि नवी येते. म्हणून माणसाळून हॉटेलची पाळीव होण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही, हे या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे कलम. रात्री त्यांचा मुक्काम छतावरच्या संगमरवर आणि काचेच्या घरात असतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात बदकाचा एकही पदार्थ होत नाही, तिथल्या फ्रेंच धाटणीच्या रेस्टॉरंटातसुद्धा नाही.

याच नावाने ऑरलँडो आणि लिटल रॉक इथेही हॉटेले निघाली आणि तिथेही बदके चालली, पण ती हॉटेले २०१३ मध्ये दुसऱ्या नावांखाली गेली. मेंफिसची मिरवणूक सुरू आहे. ती पाहायला हॉटेलात खोली घ्यावी लागत नाही आणि तिकीटही नसते. मात्र लॉबी लवकर भरते, त्यामुळे पायघड्यांलगत जागा हवी असेल त्याने वेळेच्या बरेच आधी पोहोचावे.