मुंबईतील कुमारवय आणि बालमार्गदर्शनाचा आरंभ

कुमारवयातील मनोव्यथांवर उपचार करावयाचे, तर कुमारवय नावाची एक निराळी अवस्था असते हे समाजाने आधी मानलेले असावे लागते. मुंबईत ही मान्यता मानसशास्त्राने दिली नाही. ती प्रथम गिरण्यांच्या कायद्याने दिली, आणि तीही अपुरी. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. १८९१ मध्ये ही वयोमर्यादा नऊ ते चौदा आणि तास सात झाले. म्हणजे परळ-लालबागच्या गिरणीत चौदावे वर्ष पुरे केलेला मुलगा कायद्याच्या लेखी पुरता कामगार होता. त्याच १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठी दहाची मर्यादा बारावर नेली; त्यासाठी अट्टाहासाने झटलेले बेहरामजी मलबारी मुंबईचेच. मुलाचे वय श्रमाच्या हिशेबाने व मुलीचे विवाहाच्या हिशेबाने मोजले गेले, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्टॅन्ली हॉल यांचा कुमारावस्थेवरील बृहद्ग्रंथ १९०४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा गिरगावातील तेरा वर्षांचा मुलगा मॅट्रिकच्या वाटेवर होता. लालबागेतील त्याचा समवयस्क साच्यापाशी उभा होता. त्या दोघांना एकाच अवस्थेत गणण्याचे कारण कोणासही दिसत नव्हते.

दुसरी वाट गुन्ह्याची. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्या मागोमाग १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बालकायदा संमत झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. मुलास तुरुंगाऐवजी सुधारगृहात पाठवावे इतके तत्त्व त्यामुळे रुजले. परंतु मूल असे का वागले, हा प्रश्न न्यायाधीशाने कोणाला विचारावा, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. शिकागोत विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये बालन्यायालयाच्या आश्रयाने संस्था काढली ती याच प्रश्नासाठी; व्हिएन्नात ऑगस्ट आयकहॉर्न यांनी १९२५ मध्ये आपला ग्रंथ लिहिला तोही याच प्रश्नावर.

शिकागोचा धागा मुंबईस पोहोचला तो एका मिशनऱ्यामुळे. तेथील विद्यापीठाचे पदवीधर क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यास नेबरहूड हाऊस उभारले. ही जागा गिरगाव आणि गिरणगाव यांच्या मधली, दाट वस्तीची. तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले (१९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि १९३७ मध्ये त्याच्या आश्रयाने भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र निघाले. मानसचिकित्सक के. आर. मसानी यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. हे केंद्र वेड्यांच्या इस्पितळातून निघाले नाही, समाजकार्याच्या शाळेतून निघाले. मुलांच्या मनोव्यथेस वेडाचा कलंक न लावता तिच्याकडे पाहण्याची सोय मुंबईत त्यामुळे झाली, हे या केंद्राचे सर्वांत मोठे श्रेय मानावे लागते.

बालमार्गदर्शनाची पद्धत तिघांची. मानसचिकित्सक मुलाशी बोलतो, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि समाजकार्यकर्ता घरी व शाळेत जाऊन चौकशी करतो. यांपैकी चाचण्यांची अडचण तुलनेने लवकर सुटली. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ मध्ये विद्वानांपुढे आले व त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये निघाला. पुढे कित्येक दशके महाराष्ट्रातील दवाखान्यांत ते वापरात राहिले. घराची अडचण मात्र सुटण्यासारखी नव्हती. ही पद्धत ज्या देशांत घडली तेथे घर म्हणजे आईबाप, मुले व निजण्याच्या निराळ्या खोल्या हे गृहीत होते. गिरणगावात कुटुंब एका खोलीत राहत असे, नाहीतर बाप मुंबईत खानावळीवर जेवी आणि आई कोकणात वा घाटावर शेत सांभाळी. चाळीच्या गॅलरीत बोललेले चार दारांना ऐकू जाते. समाजकार्यकर्ता दारात आला की मुलाचे गुपित गुपित राहणे कठीण. लहान मुलास याचे फारसे काही वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास तेच सर्वाधिक लागते. खेळातून व्यक्त होण्याचे वय सरलेले आणि प्रौढाप्रमाणे बोलण्याचा धीर न आलेला, असा हा रुग्ण या पद्धतीच्या हातून निसटण्याचा संभव होताच.

वयाच्या रेषांनी तो संभव वाढविला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने कामगारांत 'कुमार' हा वर्ग प्रथमच केला, पण तो पंधरा ते सतरा वर्षांचा. त्याखालचे सारे 'बाल'. परळात के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये उघडले. आपल्याकडील बालरुग्णविभागांची मर्यादा बहुधा बाराव्या वर्षाशी संपत आली, आणि त्यापुढील मुलगा प्रौढांच्या रांगेत गेला. के. ई. एम.च्या मानसोपचार विभागात एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली व तिला आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाली. पण स्वतः बसून चित्ताचा अभ्यास करू शकणाऱ्या रुग्णास ती मानवणारी होती, शाळा चुकविणाऱ्या मुलास नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. मिळवता बाप घरी बसला आणि शाळकरी मुलाच्या मिळकतीची घरास गरज भासू लागली. त्या घरांतील मुलांच्या मनाचा मागोवा घ्यावयाचा, तर उपचारकेंद्रांच्या इतिहासापेक्षा जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक अधिक उपयोगी पडते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीन रुग्णास प्रौढांपासून निराळे ठेवण्याचे बंधन घातले आणि संमतीचा अधिकार पालकाकडे ठेवला. रेषा अठराव्या वर्षावर आहे. सहा वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांची मुलगी तिच्या एकाच बाजूस येतात.