एक शहर, दोन पाऊस

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता मुंबईतील दोन पर्जन्यमापकांची नोंद घेण्यात आली. सांताक्रूझला आदल्या चोवीस तासांचा पाऊस ९४४.२ मिलिमीटर भरला. कुलाब्यास अवघा ७३.४. दोन्ही ठिकाणांतील अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. उपनगरांवर काय ओढवले आहे याची जाणीव दक्षिण मुंबईतील कित्येकांना घरी परतण्याची वेळ झाली तेव्हाच झाली.

आकाशाने एवढा दुजाभाव का करावा? त्या आठवड्यात बंगालच्या उपसागराकडून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे अरबी समुद्रावरील वारे जोराने किनाऱ्याकडे ओढले जात होते. बाष्पाने जड झालेली ही हवा उपनगरांवर एकवटली. एकवटलेल्या हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर जाताना ती थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि थेंब बनताना सुटलेली उष्णता तिला आणखी वर ढकलते. अशा मनोऱ्यासारख्या ढगांचे आयुष्य थोडके असते. परंतु खालून बाष्पाचा पुरवठा अखंड राहिला आणि ढग जागचा फारसा हलला नाही, तर एक रिता होताच त्याच ठिकाणी दुसरा उभा राहतो. त्या दुपारी हेच घडले. एका तासात १९०.३ मिलिमीटर पाऊस कोसळला. आपण यास ‘ढगफुटी’ म्हणतो. शब्द ठसठशीत खरा, पण पखाल फुटावी तसे ढगात पाणी साठून राहिलेले नसते, ते सतत ओढून आणले जाते.

तथापि पूर केवळ आकाशातून येत नाही. ९४४ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. ते वाहून नेण्याचे काम मिठी नदीकडे होते. १८६० साली बांधलेल्या विहार तलावाच्या आणि पुढे पवईच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती कुर्ला, कालिना, वांद्रे या वस्त्यांतून माहीमच्या खाडीस मिळते. याच मुखावर एकोणिसाव्या शतकात लेडी जमशेटजींच्या १,५७,००० रुपयांच्या देणगीने माहीमचा बंधारा उभा राहिला. होडीने जीव मुठीत धरून खाडी ओलांडणाऱ्यांना तो वरदानच वाटला असणार. पुढल्या पिढ्यांनी मात्र नदीला जे केले त्यात पुण्य शोधणे कठीण. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवला गेला, काठच्या दलदली भरून वांद्रे-कुर्ला संकुल वसले, उरलेल्या पात्रात गाळ व कचरा साचला.

शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही ओहोटी गृहीत धरून, आखलेली होती. त्या दिवशी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. समुद्र पाणी घेईना, नदीस जागा उरेना. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. काही बंद मोटारींत गुदमरून, काही साकीनाक्याच्या दरडीखाली.

माधवराव चितळे यांच्या समितीने पुढे या साऱ्याचा सविस्तर शोध घेतला. ढगांच्या आतील हालचाल दाखवणारे डॉप्लर रडार त्या दिवशी मुंबईत नव्हते. कुलाब्यास ते काही वर्षांनी बसले. ज्या उपनगरांवर तो पाऊस कोसळला, तेथे वेरावलीस दुसरे रडार सुरू होण्यास २०२२ साल उजाडले.