एकट्याने ऊस सोडला तर?

कवठे महांकाळच्या एका शेतकऱ्याने उसाऐवजी शाळू पेरला, तर भूजल वाचेल का? वर्गात विचारून पाहावे. काळ्या कातळाच्या भेगांतले पाणी शेताचा बांध ओळखत नाही. त्याने राखलेले पाणी शेजारची बोअर उपसते.

याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडी या गावांनी १९८०च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. पुढाकार मुक्तिसंघर्ष चळवळीचा. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला. (ठेकेदारांच्या बेसुमार वाळूउपशाशी मात्र त्यांचा लढाच होता!) पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि ऊस कुणीच लावायचा नाही, असे ठरले. पीक निवडायचे प्रत्येकानेच होते. पण आता एकाने राखलेले पाणी दुसऱ्याच्या उसात जाणार नव्हते.